वजन उचलताना कंबरेत भरलेली उसण : आपापले अनुभव लिहावेत

धागाकर्ता, कॉलेज रोड

आज सकाळी जिममध्ये शेजारी डेडलिफ्ट (जमिनीवरचा वजनाचा बार उचलून सरळ उभे राहण्याचा व्यायाम) करणाऱ्या एका तरुणाने बार खाली टाकला आणि दोन्ही हात कंबरेवर ठेवून तो तसाच अर्धवट वाकलेला उभा राहिला, तेव्हा मला काही वर्षांपूर्वीची माझी उसण आठवली. बार गुडघ्यापर्यंत आला असताना नितंब आधी वर गेले, पाठीला बाक आला आणि कंबरेच्या डाव्या बाजूला चमक भरली. घरी पोहोचेपर्यंत विशेष त्रास नव्हता. दुसऱ्या दिवशी मात्र मोजे घालायला पत्नीला हाक मारावी लागली, आणि शिंक येणार असे वाटले की आधी भिंत धरावी लागे. डॉक्टरांनी पाय सरळ उचलून पाहिले, गुडघ्यावर हातोडी मारली, स्नायू ताणला गेला आहे असे सांगितले आणि अंथरुणाला खिळून राहायचे नाही अशी ताकीद दिली. वेदना काही आठवड्यांत ओसरली, पण त्यानंतर कितीतरी दिवस रिकामा बार पाहूनही कंबर आपोआप आखडत असे. आपण पुन्हा वजनाला हात कसा लावला, ते सविस्तर लिहावे.

जुना पंचवटीकर

आमच्या वाड्यात उसण भरली की डॉक्टरांच्या आधी पायाळू माणसाचा शोध सुरू होई. माझी आत्या पायाळू होती. त्यामुळे रविवारी सकाळी कंबर धरलेली मंडळी ओसरीवर येऊन बसत आणि ती चहा गाळता गाळता एकेकाच्या पाठीला पाय लावी. बहुतेकांना चार-आठ दिवसांत बरे वाटे आणि श्रेय आत्याला मिळे. तिला स्वतःला उसण भरली तेव्हा मात्र दुसरा पायाळू मिळेना, म्हणून ती आयोडेक्स चोळून बसली आणि तितक्याच दिवसांत बरी झाली.

फिजिओथेरपिस्ट, गंगापूर रोड

पंचवटीकर, आपल्या आत्याबाईंच्या यशाचे कारण सोपे आहे : स्नायूची साधी उसण बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआप उतरते. ती उतरेपर्यंत माणसाला हालते ठेवणे हे आमचे मुख्य काम असते, कारण दिवसेंदिवस पडून राहिल्याने पाठ अधिक आखडते आणि बरे होणे लांबते. सुरुवातीचा दिवस-दीड दिवस विश्रांती घ्यावी, शेक घ्यावा, आणि मग घरातल्या घरात थोडे थोडे चालायला लागावे. एमआरआयविषयी लोक फार आग्रही असतात; परंतु कंबर मुळीच न दुखणाऱ्या अनेक माणसांच्या एमआरआयमध्येही मणक्यांमधील चकती थोडी बाहेर आलेली दिसते, त्यामुळे घाईने काढलेला अहवाल पुष्कळदा केवळ धास्ती वाढवतो. मात्र पायातील शक्ती कमी होत असेल, जांघेत व बसण्याच्या जागी बधिरपणा आला असेल किंवा लघवी-शौचावरील ताबा जात असेल, तर तेल, शेक आणि पायाळू हे सर्व बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

इंदिरानगरची बारबेलवाली

माझी उसण स्क्वॉटची, म्हणजे खांद्यावर बार घेऊन उठाबशा काढतानाची होती. आश्चर्य असे की चालताना फारसे दुखत नसे. कार्यालयातील खुर्ची आणि स्कूटरवरून जाताना येणारे गतिरोधक यांनी मात्र जीव नकोसा केला. संध्याकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर सावकाश फेऱ्या मारल्या की कंबर सैल पडे, हे लक्षात आल्यावर मी तेच औषध मानले. पुढे कॅनडाच्या वॉटरलू विद्यापीठातील स्टुअर्ट मॅकगिल यांनी लोकप्रिय केलेले तीन व्यायाम सुरू केले : पाठीवर पडून डोके व खांदे किंचित उचलणे, कुशीवर कोपराच्या आधाराने अंग तोलून धरणे, आणि रांगण्याच्या स्थितीत एक हात व विरुद्ध पाय लांब करणे. दिसायला हे अगदी किरकोळ वाटतात, पण तिसरा प्रकार करताना माझी कंबर ज्या तऱ्हेने डगमगली, त्यावरून पुढचे काम कळले.

वजनाकडे परतताना माझ्या ट्रेनरने प्रथम झाडूची दांडी दिली. ती पाठीवर उभी धरायची, डोक्याचा मागचा भाग, खांद्यांमधली जागा आणि माकडहाड या तिन्ही ठिकाणी ती टेकलेली ठेवायची आणि फक्त नितंब मागे नेत वाकायचे. एक जागा जरी सुटली तरी पाठ वळली असे समजायचे. ते अंगवळणी पडल्यावर बार आला, तोही जमिनीवरून नव्हे. मोठ्या प्लेटचा व्यास 45 सेंटीमीटर असतो, म्हणजे बार जमिनीपासून साधारण साडेबावीस सेंटीमीटर उंच राहतो. लहान प्लेट लावल्या की तो पार खाली जातो आणि हलके वजन घेणारा माणूस उलट अधिक वाकतो. म्हणून प्लेटखाली ठोकळे ठेवून बार नडगीच्या मध्यापर्यंत उंच घेतला आणि दर काही आठवड्यांनी एकेक ठोकळा काढला. धागाकर्ते, भीती मलाही होती, पण ती ठोकळ्यांबरोबरच उतरत गेली.

धागाकर्ता, कॉलेज रोड

ताई, लहान प्लेटचा मुद्दा आमच्या जिममध्ये आजवर कोणी सांगितला नव्हता. तेथे नवख्याला हमखास लहान प्लेटच मिळतात.

तालमीतला म्हातारा

आमच्या काळी ठोकळेही नव्हते आणि फिजिओही नव्हते. कंबर धरली की वस्ताद जोर बंद करवीत आणि हौद्याच्या कडेने नुसते फिरायला लावीत. आमच्यात खांद्यापासून डोक्याच्या वर वजन रेटण्याचा प्रकार (प्रेस) फार मानाचा होता. त्यात मंडळी इतकी मागे कलत, की कंबरेची कमान होई. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर तो प्रकार वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेतून काढला, तेव्हा तालमीत हळहळ झाली होती. माझ्या मते उशिरा का होईना, बरे केले.

एक आई, सिडको

माझा मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो आहे. मागील आठवड्यात स्क्वॉट करताना त्याची कंबर धरली. पायात कळ वा मुंग्या नाहीत, आता सरळ चालतो, परंतु 1600 मीटरचा सराव बुडतो आहे म्हणून दिवसभर चिडलेला असतो. त्याला धावू द्यावे काय? रात्री तिळाच्या तेलाने चोळून शेकते, ते चालेल ना?

फिजिओथेरपिस्ट, गंगापूर रोड

काकू, तेल हलक्या हाताने लावून शेकण्यास हरकत नाही. अर्धा तास झपाझप चालून दुसऱ्या दिवशी दुखणे वाढले नाही, तर चालण्याच्या मध्ये थोडे थोडे धावण्यास सुरुवात करावी. सकाळी उठल्या उठल्या खाली वाकणे टाळावे, कारण रात्रभरात मणक्यांमधील चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि वाकताना त्यांच्यावर ताण अधिक येतो. भरतीसाठीची गोळाफेक मात्र सर्वांत शेवटी सुरू करावी. त्यात वजनासह कंबर पिळली जाते. एकदा प्रत्यक्ष तपासून घेतलेले उत्तम.

एक आई, सिडको

आभारी आहे. उद्याच नेते. सव्वासात किलोचा तो गोळा मी तूर्त तांदळाच्या डब्यामागे ठेवला आहे. मुलगा हा धागा वाचत असल्यास त्याने शोधाशोध करू नये.