बालवाडीतली पोरं एकदम बिथरतात, सगळ्यांना मिळून घेता येतील असे खेळ सांगा

बालवाडीताई_सोलापूर
विडी घरकुल भागात बालवाडी घेते, पोरं ३ ते ६ वयाची. बऱ्याच जणांच्या घरी तेलुगू बोलतात, मराठी अजून नीट कळत नाही. डबा खाऊन झाला की एक रडायलं की लगेच चार जण सुरू, कोण ढकलतंय, कोण चावतंय. ओरडून गप्प बसवता येतं ओ, पण तसं नकोय मला, त्यांचं त्यांना सावरता आलं पाहिजे. सामान न लागणारं काही आहे का?

जुळे_सोलापूरकर
ताई, खेळ कुठलाही घ्या पण पोरं खुशीत असताना रोज घ्या. रडून लाल झालेल्या पोराला तेव्हाच शिकवायला गेलं तर काही शिरत नाही, भावना आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण तयार व्हायला पंचविशी येते, इथं तर तीन वर्षांचं लेकरू आहे. गोल बसवा, हातात गरम चहाची बशी आहे असं समजून सगळ्यांनी फुंकर मारायची, हळू आणि लांब. श्वास सोडायला वेळ लागला की हृदयाचे ठोके जरा मंदावतात. ‘मोठा श्वास घ्या’ म्हणलं की पोरं नुसते खांदे वर करतात, त्यापेक्षा फुंकर बरी.

हलगीवाली_मावशी
भाषेची अडचण असेल तर हलगी घ्या की! नाहीतर डबा वाजवा. जोरात वाजली की नाचायचं, हळू वाजली की हळू, थांबली की स्टॅच्यू. अंग उसळत असताना थांबायची सवय यातनंच लागते आणि पोरांना ते शिकवणं वाटतच नाही. शेवट कायम हळू तालावर करा, नाहीतर वर्ग डोक्यावर घेतील. मग सगळ्यांनी तोंड मिटून भुंग्यासारखं गुणगुणायचं.

बालवाडीताई_सोलापूर
हे जमेल, भारी आहे. पण एक पोरगा मोठा आवाज झाला की कान झाकून कोपऱ्यात जातो, त्याचं काय करू?

जुळे_सोलापूरकर
ओढून आणू नका. लांबून बघू दे, काही पोरं बघूनच शिकतात. त्याच्या वेळी डबा हळू वाजवा, त्याच्याशेजारी बसा, तुमचा आवाज खाली आला की त्याचाही येतो. सतत तसंच होत असेल तर आईशी बोलून कान आणि बाकीचं बालरोगतज्ज्ञांना दाखवायला सांगा. आणि एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं चाळिशीच्या वर पारा असतो, तेव्हा चिडचिड वाढली की आधी पाणी पाजा, खेळ नंतर.