अमर, अजर, चिरंजीव: ‘इममॉर्टल’ला नेमका शब्द कोणता?

प्रश्न

माणसाला मृत्यू टाळता येईल का, या विषयावरच्या एका विज्ञानलेखाचं भाषांतर करतोय. त्यात ‘इममॉर्टल’ हा एकच शब्द प्रयोगशाळेतल्या पेशींना, एका जेलीफिशला आणि भविष्यातल्या माणसाला लावलाय. मी तिन्हीकडे ‘अमर’ लिहिलं, तर लेख पुराणासारखा वाटायला लागला. ‘चिरंजीव’ घालून पाहिलं, तर पेशींची लग्नपत्रिका झाली. ‘अजरामर’ म्हटलं की पुढे ‘कलाकृती’च येते. हे शब्द समानार्थी आहेत ना?

प्रतिसाद

आहेत. ‘अमर’ लिहा आणि पुढे चला, वाचकाला कळतं.

प्रतिसाद

कळतं, पण चुकीचं कळतं. हे शब्द समानार्थी नाहीत आणि तुमच्या लेखाचा सगळा विषय त्यांच्यातल्या फरकातच आहे.

‘अमर’ मृ धातूवरून आला. मरण, मृत, मर्त्य, अमृत ही सगळी त्याचीच भावंडं. ‘अजर’ जॄ धातूवरून, म्हणजे झिजणं, जुनं होणं. जरा, जीर्ण, जर्जर, जरठ हे शब्द त्या घरातले. अमरकोशात देवांची नावं सुरू होतात तीच ‘अमरा निर्जरा’ अशी. न मरणारे, आणि वेगळ्या शब्दात, म्हातारे न होणारे. ‘अजरामर’ हा जोडशब्दही म्हणूनच लागला. एका मागणीत दुसरी आपोआप येत असती तर ‘अमर’वर भागलं असतं.

येत नाही, हे ग्रीकांनाही ठाऊक होतं. ईऑस या उषादेवतेनं टिथोनस नावाच्या आपल्या प्रियकरासाठी झ्यूसकडे अमरत्व मागितलं, तारुण्य मागायला मात्र विसरली. बिचारा म्हातारा होत गेला, होतच गेला, हातपाय हलेनात, शेवटी नुसता बडबडणारा आवाज उरला. अमर झाला, अजर नाही.

याच्या उलट स्थिती जास्त रंजक आहे: अजर, पण अमर नाही. प्रौढ माणसाचा वर्षभरात मरण्याचा धोका साधारण दर आठ वर्षांनी दुप्पट होतो. बेंजामिन गॉम्पर्ट्झ या विमागणितज्ञानं १८२५ मध्ये या वाढीचा नियम मांडला. त्या वाढीलाच आकड्यांच्या भाषेत ‘जरा’ म्हणता येईल. आता समजा, ही वाढ औषधानं थांबवली आणि धोका कायमचा २,००० मध्ये १ इतकाच ठेवला. म्हातारपण संपलं. अपघात, साथी, युद्धं संपली नाहीत. हिशेब केला तर सुमारे १,३८६ वर्षांत निम्मी माणसं गेलेली असतील, आणि १०,००० वर्षांनी हजारातली सहा-सात उरतील. आयुष्य प्रचंड लांबलं, पण याला अमरत्व म्हणायचं?

प्रयोगशाळांमध्ये खरा शोध चाललाय तो अजरत्वाचा. तो सफल होईल की नाही, हा विज्ञानाचा प्रश्न आहे, त्यावर वाद घालता येतो, प्रयोग करता येतात. अमरत्व मात्र कधी सिद्धच करता येणार नाही. दहा हजार वर्षं जगलेला माणूससुद्धा ‘अजून मेलेला नाही’ एवढंच म्हणू शकतो.

प्रतिसाद

वा! यात ‘चिरंजीव’चं काय ते सांगून टाकतो. चिरम् म्हणजे दीर्घकाळ, कायमचं नव्हे. सात चिरंजीवांतल्या अश्वत्थाम्याला महाभारताच्या सौप्तिकपर्वात भटकण्याचा शाप मिळतो तो ३,००० वर्षांचा. तोही मोजूनच! एवढंच काय, विष्णुपुराण सांगतं की भूतांच्या, म्हणजे प्राणिमात्रांच्या, प्रलयापर्यंत टिकणं यालाच अमृतत्व म्हणतात. म्हणजे देवांच्या अमरपणालाही मुदत आहे.

गंमत अशी की ‘चिरंजीव’मधला चिर संपतो, ‘चिरनिद्रे’तला मात्र संपत नाही.

प्रतिसाद

‘अमर रहे’ ही घोषणा (ती मुळात हिंदी, पण आपण मराठीतही बिनदिक्कत देतो) गेलेल्या माणसासाठीच देतात. जिवंत माणसासाठी ‘चिरायु होवो’. मराठीत अमर व्हायला आधी मरावं लागतं. जिवंतपणी हा शब्द निघतो तो नकारातच: अमरपट्टा घेऊन कुणी आलेलं नाही. यातला पट्टा म्हणजे सनद, हक्काचा कागद.

प्रश्नकर्ता

पटलं. माणसासाठी ‘अजर’ घेतो. पण पेशींना काय म्हणू? तिथे तर ‘इममॉर्टल’ हा पारिभाषिक शब्द आहे.

प्रतिसाद

पारिभाषिक आहे, पण फसवा. माणसाच्या साध्या पेशी प्रयोगशाळेत साधारण ४० ते ६० वेळा विभागतात आणि थांबतात. लेनर्ड हेफ्लिक यांनी हे १९६१ मध्ये दाखवलं. दर विभाजनात गुणसूत्रांची टोकं, म्हणजे टेलोमिअर, थोडी आखूड होतात. ‘हेला’ नावाच्या प्रयोगशाळेतल्या पेशी ही मर्यादा मानत नाहीत, कारण टेलोमरेझ हे विकर (एन्झाइम) ती टोकं पुन्हा भरून काढतं. हेन्रिएटा लॅक्स या महिलेच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून १९५१ मध्ये त्या घेतल्या. त्याच वर्षी ती कर्करोगानं वारली. तिच्या पेशी आजही वाढताहेत.

यात एकेक पेशी अमर आहे असं कुठे आहे? पेशी विभागते, तिच्या लेकी विभागतात, वंश खुंटत नाही, इतकंच. मी तर सरळ ‘न खुंटणारा पेशीवंश’ लिहीन. शिवाय हे वाचकाला सांगाच की हा गुण कर्करोगाचा आहे. ‘अमर पेशी’ वाचून लोकांना वाटतं, या आपल्यात टोचल्या की काम झालं!

जेलीफिशसाठी तर आपल्याकडे तयार शब्द पडून आहे: कायाकल्प. टुरिटॉप्सिस डोर्नी इजा झाली किंवा उपासमार झाली की प्रौढावस्थेतून पुन्हा बाल्यावस्थेत जाते आणि नव्यानं वाढते. कुणी गिळली तर मरतेच. हा कायाकल्प झाला, अमरत्व नव्हे. खरा ‘अजर’ म्हणायचा तर गोड्या पाण्यातला हायड्रा. योग्य परिस्थितीत ठेवला तर त्याचं मृत्यूचं प्रमाण वयाबरोबर वाढताना दिसत नाही.

आयुर्वेदातलं ‘रसायन’ही मूळचं याच मुलखातलं. जरा आणि व्याधी यांचा नाश करतं ते रसायन. मरणाचा नाश करण्याचं वचन त्या व्याख्येत नाही. आता त्या शब्दाचा कीटकनाशक झालाय, त्याला इलाज नाही.

प्रतिसाद

एक पुरवणी. लेखात ‘आयुर्मान’ (माणसं सरासरी किती जगतात) आणि ‘आयुर्मर्यादा’ (माणूस जास्तीत जास्त किती जगू शकतो) यांची सरमिसळ होऊ देऊ नका. सरासरी आयुर्मान वाढलं त्यात मोठा वाटा बालमृत्यू कमी होण्याचा आहे. मर्यादा मात्र फारशी सरकलेली नाही: फ्रान्सच्या जान काल्माँ १९९७ मध्ये १२२ वर्षं १६४ दिवसांच्या होऊन वारल्या, तो विक्रम अजून मोडलेला नाही. सरासरी वाढली हाच मर्यादा सरकल्याचा पुरावा म्हणून देणारे लेख फार झालेत.

प्रतिसाद

‘अजर’पेक्षा ‘निर्जर’ भारदस्त नाही का वाटत?

प्रतिसाद

वाटतो, पण टंकताना त्याचा ‘निर्झर’ होतो आणि लेखात धबधबा पडतो. आणि ‘निर्जरा’ ही जैन परिभाषेत कर्म झडून जाण्याची संज्ञा आहे. नको.

प्रश्नकर्ता

ठरलं. शीर्षक केलंय ‘माणूस अजर होईल का?’ घरी वाचून दाखवलं, तर पहिला प्रश्न आला: ‘अजगर’ कशाला होईल?