मदत हवी आहे: आईचे दोन्ही गुडघे एकदम बदलायचे की एकेक? रोबोटिक घ्यावं का? (ठाणे)

नौपाडा_तिसरा_मजला

नमस्कार मंडळी, थोडं मोठं लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय कोणी नीट सल्ला देऊ शकणार नाही म्हणून. आई ६९ वर्षांची आहे, आम्ही ठाण्यात नौपाड्यात जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, रिडेव्हलपमेंटच्या नुसत्या मीटिंगा चालल्यात. आईचे दोन्ही गुडघे गेलेत. उभं करून एक्सरे काढला त्यात ग्रेड ४ म्हणजे झिजेची शेवटची पायरी आलीय, आतल्या बाजूला हाडाला हाड घासतंय, बाहेरच्या बाजूलाही झीज आहे आणि पाय चांगलेच वाकडे झालेत, म्हणून पार्शल (गुडघ्याचा फक्त खराब भाग बदलणं) होणार नाही असं दोन्ही डॉक्टरांनी सांगितलं. डावा जास्त खराब आहे. डायबेटीस आहे, बीपीची गोळी चालू आहे, हृदयाची टू-डी इको तपासणी नॉर्मल.

ती जिना कशी उतरते ते बघवत नाही हो. कठड्याकडे तोंड करून, दोन्ही हातांनी कठडा धरून आडवी आडवी, एका पायरीवर दोन्ही पाय टेकले की मगच पुढची पायरी, पिशवी गळ्यात अडकवलेली कारण हात मोकळा नसतो. दुसऱ्या मजल्यावर थांबते, शेजारच्या काकू दार उघडून स्टूल देतात. कोपिनेश्वरच्या देवळात दर सोमवारी जायची ते बंदच झालं. रात्री कूस बदलताना सुद्धा जाग येते. फिजिओ झाला, बेल्ट झाला, तेलं झाली, मागच्या वर्षी गुडघ्यात जेलचं इंजेक्शन घेतलं, थोडे दिवस बरं वाटलं मग परत तेच.

आता आम्ही दोन सर्जन बघितले. पहिले म्हणतात दोन्ही एकाच वेळी करून टाका, रोबोटिक करू, एकदाच काय तो त्रास, आणि इम्प्लांट (आत बसवायचा कृत्रिम सांधा) गोल्डन घ्या, ३० वर्षं बघायला नको. दुसरे म्हणतात आधी शुगर खाली आणा (तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी HbA1c ८.४ आलीय), मग डावा करू, तीनेक महिन्यांनी उजवा, आणि रोबोटचा आग्रह नाही, ते नेहमीच्या पद्धतीनेच करतात. दोघेही अनुभवी आहेत, दोघांचंही ऐकताना पटतं, आणि घरी आलं की डोकं गरगरतं. भाऊ ऐरोलीला असतो, त्याचं म्हणणं आहे रजा एकदाच मिळणार तर दोन्ही उरकून घ्या. आईला वाजपेयींचं ऑपरेशन पक्कं लक्षात आहे, २००० मध्ये डावा आणि २००१ मध्ये उजवा, ब्रीच कँडीला डॉ. चित्तरंजन राणावतांनी केलेला, ती म्हणते पंतप्रधानांनी एकेक करून घेतला तर मला कसली घाई.

मला कळायला हवंय ते असं, की या वयात शुगर असताना दोन्ही एकदम करणं कितपत बरं, रोबोटने खरंच फरक पडतो का, ते गोल्डन काय प्रकरण आहे, आणि तिसऱ्या मजल्यावर ही बाई परत कधी चढू शकेल? आईचा स्वतःचा प्रश्न एकच आहे, देवासमोर मांडी घालून बसता येईल का. ठाणे, नवी मुंबईत कोणाच्या घरी झालं असेल तर प्लीज लिहा.

भूल_नेरुळ

ताई, मी भूलतज्ज्ञ आहे, ही ऑपरेशनं रोज बघते. आईंना तपासलेलं नाही त्यामुळे निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच, पण दोन्ही एकदम करण्यात काय असतं ते सांगते. एकच भूल, एकच अ‍ॅडमिशन, एकूण खर्च कमी, हे फायदे खरे आहेत. पण त्याच वेळी रक्त जास्त जातं, रक्त चढवायची वेळ जास्त येते, हृदय आणि फुफ्फुसांवर ताण जास्त, पायात गुठळी होण्याची भीतीही वाढते. साठीच्या आतला, बाकी तब्येत ठणठणीत असलेला पेशंट असेल तर करतात आणि छान होतात. ६९ वय, डायबेटीस आणि बीपी असं एकत्र असेल तर मी स्वतः एकेकच्या बाजूने बोलते. इको नॉर्मल आहे हे चांगलंच, पण तेवढ्यावर दोन्हीला हिरवा कंदील मिळत नाही.

शुगरचं मात्र अजिबात हलक्यात घेऊ नका. ८.४ वर माझ्याकडे आल्या असत्या तर मी तारीख पुढे ढकलायला सांगितली असती, साधारण ७.५ च्या आसपास किंवा खाली आणतात. कृत्रिम सांध्यात इन्फेक्शन होण्याचं प्रमाण एक-दोन टक्केच आहे पण झालं तर फार वाईट, जंतू धातूवर थर करून बसतात, नुसत्या अँटिबायोटिकने जात नाहीत, कधी कधी सांधा काढून परत बसवावा लागतो. म्हणून ऑपरेशनच्या आधी दात तपासून घ्या, लघवी तपासा, टाचांना भेगा असतील तर त्या भरू द्या. आणि ते इंजेक्शन जेलचंच होतं की स्टेरॉइड, फाइल काढून बघा. स्टेरॉइड असेल तर त्यानंतर किमान तीन महिने जाऊ द्यायचे असतात.

दुखण्याची भीती असेल तर आईंना सांगा की आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. कमरेतून भूल देतात, शिवाय मांडीच्या आतल्या बाजूला ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन) देतात, त्याने दुखणं दबतं पण मांडीच्या स्नायूची ताकद बरीचशी राहते, म्हणून त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकरवर उभं करतात. रक्तस्राव कमी करायला ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिड देतात, त्याने रक्त चढवायची गरज खूपच कमी झालीय.

ऐरोली_सेक्टर

माझ्या बाबांचा उजवा रोबोटिक आणि डावा त्याच्या आधी नेहमीच्या पद्धतीने झालाय, दोन्ही मस्त आहेत, बाबांना स्वतःला फरक सांगता येत नाही. रोबोट स्वतः ऑपरेशन करत नाही बरं का, बऱ्याच लोकांना तसं वाटतं. आधी स्कॅनवरून किंवा तिथेच पॉइंट घेऊन गुडघ्याचा नकाशा करतात आणि हाड किती, कुठल्या कोनात कापायचं ते मशीन धरून ठेवतं, हात सर्जनचाच. काप जास्त अचूक येतात हे खरं आहे. पण त्यामुळे काही वर्षांनी चालणं जास्त चांगलं होतं किंवा सांधा जास्त टिकतो असं ठामपणे कोणी दाखवलेलं नाही, आमच्या सर्जननेच हे प्रामाणिकपणे सांगितलं होतं. जे सर्जन ज्या पद्धतीने वर्षाला भरपूर ऑपरेशनं करतात त्यांना त्याच पद्धतीने करू द्या.

गोल्डन म्हणजे नेहमीच्या धातूवर टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर. निकेलची अ‍ॅलर्जी असेल, खोटे दागिने घातले की अंगावर रॅश येत असेल तर त्याचा विचार करतात. नाहीतर त्यासाठी जास्त पैसे घालू नका. टिकण्याचं म्हणाल तर २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात रजिस्ट्रींचे (सांधे बदलल्याच्या नोंदवह्यांचे) आकडे आले होते, पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी साधारण ८२ टक्के २५ वर्षांनी शाबूत होते, पार्शलचे ७० टक्के. म्हणजे आईंचं वय बघता साधा सांधासुद्धा जन्माला पुरेल अशीच शक्यता जास्त.

आणि बिल! ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर मर्यादा आणली, कोबाल्ट क्रोमियम धातूच्या सांध्याचा तेव्हा ५४,७२० अधिक जीएसटी असा आकडा होता. पण मर्यादा फक्त इम्प्लांटला आहे, रूम, ओटी, सर्जनची फी, रोबोटचे पैसे यात येत नाहीत, म्हणून पॅकेजमध्ये काय काय धरलंय ते लेखी मागा आणि इम्प्लांटचे स्टिकर डिस्चार्ज पेपरवर लावून घ्या. मेडिक्लेममध्ये सांधे बदलायला वेटिंग पिरियड असतो, तो संपलाय का ते आधी बघा, रोबोटचे पैसे देतात का तेही विचारा.

वाशी_फिजिओ

मी जिना आणि मांडी या दोनच गोष्टींवर लिहिते. जिना लवकर येतो, बहुतेक पेशंटना घरी सोडायच्या आधीच चार-पाच पायऱ्या करून घेतो. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. पण आईंचा दुसरा पायही खराब आहे, त्यामुळे तीन मजले म्हणजे सुरुवातीला फार होईल. जमलं तर पहिले काही आठवडे भावाकडे ठेवा, तिथे लिफ्ट असेल ना? साधारण दोन-तीन आठवडे वॉकर, मग काठी, दीड ते तीन महिन्यांत बहुतेक जण घरातलं सगळं स्वतः करतात. सूज आणि गरमपणा मात्र कित्येक महिने राहतो, टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला बधिर लागतं, चालताना आत टक टक वाजतं, याला घाबरून लोक व्यायाम सोडतात आणि तिथेच पाय आखडतो. पहिल्या काही आठवड्यांत ९० अंश वाकलाच पाहिजे. आणि पाय पूर्ण सरळ होणं हे वाकण्याइतकंच महत्त्वाचं आहे, म्हणून झोपताना गुडघ्याखाली उशी द्यायची नाही, कितीही बरं वाटलं तरी.

मांडी शक्यतो नाही. आईंना आधीच स्पष्ट सांगा. पाचातला एक पेशंट ऑपरेशन नीट होऊनही समाधानी नसतो असं अभ्यासांत दिसतं, आणि माझ्याकडे येणाऱ्या अशा लोकांत आधी कोणी खरं न सांगितलेले बरेच असतात. देव्हारा खुर्चीच्या उंचीवर घ्या, कमोड नसेल तर आत्ताच करून घ्या. आणि शुगर खाली येईपर्यंतचे दिवस फुकट घालवू नका, पाय सरळ ठेवून मांडीचा स्नायू आवळून धरायचा, दहापर्यंत मोजून सोडायचा, हे आजपासून सुरू करा. आधी ताकद कमावलेला पेशंट मला पहिल्याच दिवशी ओळखू येतो.

नौपाडा_तिसरा_मजला

सगळ्यांचे मनापासून आभार, आईला सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. फाइल काढली, इंजेक्शन जेलचंच होतं. डावा आधी करायचा हे ठरलं, भावालाही भूलतज्ज्ञ ताईंचं वाचून पटलं, पहिले दिवस त्याच्याकडेच राहील, तिथे लिफ्ट आहे. मांडीचं ऐकून आई जरा गप्प झाली, मग म्हणाली खुर्चीवर बसून केलेली पूजा देवाला चालते का ते मी बघते, तू तारीख घे. दातांच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलीय.

वाशी_फिजिओ ताई, ऐरोलीला घरी येऊन व्यायाम घेणारं कोणी माहितीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा ना. आणि एक राहिलंच, कमोडला हात धरायला दोन्ही बाजूंनी दांडे बसवायचे की एका बाजूने पुरे?