मदत हवी आहे: आतेभावाला दुबईत अडकवलंय, एजंटवर केस कुठे आणि कशी करायची?

माझा आतेभाऊ खेड तालुक्यातला, वेल्डर. गावातल्याच ओळखीच्या एजंटने दीड लाख घेतले, थोडे यूपीआयने, बाकीचे रोख. कंपनीचा व्हिसा सांगून व्हिजिट व्हिसावर पाठवलं. तिथे पोहोचताच पासपोर्ट काढून घेतला. पगार ठरल्याच्या निम्मा, तोही थकवलेला. 'घरी जायचंय' म्हटलं की 'आधी खर्च भर' असं उत्तर मिळतं.

परदेशी नोकरीसाठीच्या सरकारी ई-मायग्रेट पोर्टलवर शोधलं, एजंटचं नाव नोंदणीकृत यादीत नाही. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यात (परदेशी नोकरीला जाण्याबाबतचा कायदा) विनापरवाना भरती हाच गुन्हा आहे. परवानाधारकालाही ३० हजार अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. पण पोलीस ठाण्यात 'पैशांचा वाद आहे, आपसात मिटवा' म्हणून परत पाठवलं. हे काय उसनवारीचं भांडण आहे का?

जाणकारांना विचारायचंय: एफआयआरमध्ये न्याय संहितेचं कलम १४३ (मानवी तस्करी) लावायचा आग्रह धरावा का? मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सकडे (परदेशी नोकरीला जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठीचा सरकारी अधिकारी) आधी जावं, की परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' तक्रार पोर्टलवर? सगळ्यात मोठी भीती ही की इथे तक्रार झाल्याचं कळलं तर तिथे त्याला त्रास देतील. पुरावा म्हणून एजंटचे व्हॉइस मेसेज जपून ठेवलेत.

अमेरिकेत सिग्नल इंटरनॅशनल या कंपनीने कामगारांना फसवून नेल्याच्या प्रकरणात २०१५ साली ज्यूरीने पाच भारतीय कामगारांना १ कोटी ४० लाख डॉलर भरपाई दिली होती. आम्हाला तेवढं नको. पोरगा सुखरूप घरी यावा आणि एजंटने आणखी कुणाला पाठवू नये. अशी केस लढलेले वकील माहीत असतील तर कृपया मेसेज करा. आत्याने जेवण टाकलंय.