इलेक्ट्रिक गिटारला १०-४६ च्या तारा लावल्यावर ट्रेमोलो ब्रिज मागून उचलला, सूरही परतत नाही

खर्जाची_तार:
गिटारवर सहा स्क्रूंचा जुन्या पद्धतीचा ट्रेमोलो आहे (दांड्याने झुलवून सूर खालीवर करायचा ब्रिज), मागे तीन स्प्रिंग. ९-४२ च्या तारांवर (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) सगळं जागेवर होतं. १०-४६ चा जाड संच लावल्यावर ब्रिजच्या प्लेटची मागची कड बॉडीपासून जवळपास ६ मिमी वर आली आणि तारा फ्रेटपासून (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) उंच गेल्या. दांडा दाबून सोडला की तिसऱ्या तारेचा सूर चढलेलाच राहतो. सॅडल (ब्रिजवर प्रत्येक तार जिच्यावर टेकते ती बैठक) खाली घेऊ का? चौथी स्प्रिंग लागेल का? दांडा थोडा वरही ओढता यायला हवा.

आटे_मोजणारा:
सॅडलना इतक्यात हात लावू नका. ब्रिज तिरका असताना उंची लावली तर तो सरळ झाल्यावर पुन्हा लावावी लागेल.

९-४२ चा संच नेहमीच्या सुरात मिळून सुमारे ३८ किलोने ओढतो, १०-४६ चा साधारण ४६ किलोने. स्प्रिंगचा ताण होता तेवढाच राहिला, म्हणून ब्रिज पुढे झुकला. क्लॉ, म्हणजे मागे स्प्रिंगची टोकं धरणारा दोन स्क्रूंचा आकडा, आवळून तो ताण वाढवायचा आहे.

आधी तारा सैल करा आणि पुढचे सहा स्क्रू बघा. सहाही डोकी प्लेटच्या वर सुमारे १.६ मिमी राहतील इतकी सैल करा. मग फक्त कडेचे दोन स्क्रू, डोकं प्लेटला जेमतेम टेकेपर्यंत, खाली घ्या. ब्रिज या दोघांवर झुलतो, मधले चार त्याला जागेवर ठेवतात. सहाही करकचून आवळलेले असतील तर प्लेट डोक्यांना अडते आणि ब्रिज दरवेळी वेगळ्या जागी परततो.

आता मागच्या कडेखाली ३ मिमी जाडीची लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी ठेवा. क्लॉचे दोन्ही स्क्रू इतके आवळा की ब्रिज पट्टीवर घट्ट बसेल. मग सूर लावा. ब्रिज हलत नसल्याने एक तार चढवली म्हणून बाकीच्या उतरत नाहीत. निम्मा त्रास इथेच वाचतो. सूर लागला की दोन्ही स्क्रू पाव-पाव आटा सैल करत पट्टी बोटाने ढकलून बघा. आधी ती हलत नाही, मग घासत सरकते, आणि एका पाव आट्याला अलगद निघते. तिथेच थांबा. पट्टी काढल्यावर सगळ्या तारा उतरल्या तर क्लॉ जास्त सैल झाला आहे, पाव आटा परत आवळा.

क्लॉला डाग दिलेली अर्थिंगची वायर असते, ती ओढली जाऊ देऊ नका. तुटली तर गुणगुण वाढते.

नट_आणि_खाच:
तिसऱ्या तारेचं दुखणं वेगळं आहे. दांडा दाबला की तार सैल पडते आणि थोडी तार नटमधून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ट्यूनरकडे (तार पिळायची खुंटी) सरकते. सोडल्यावर ती परत यायला हवी. खाचेत अडकली तर नट आणि ब्रिजमधला भाग आखूड राहतो आणि सूर चढतो. खात्री करून घ्या: दांडा दाबून सोडा, मग तीच तार बोटाने आडवी ताणून सोडा. सूर जागेवर आला तर दोष नटचाच. सूर लावताना 'टिंग' असा आवाज येत असेल तर तीही तीच खूण.

जाड तारा आल्यावर जुन्या खाचा अरुंद पडतात. खाच तारेपेक्षा किंचित रुंद हवी. नट फाईलने फक्त बाजू घासा, तळाला लागू नका. तळ खोल गेला की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर झणझणते. नंतर पेन्सिलचं शिसं खाचेत घासा. ट्यूनरवर दोन-तीन वेढे पुरेत.

खर्जाची_तार:
पट्टीची युक्ती लागू पडली, नटही मोकळा झाला. पण दुसरी तार बेंड केली (दाबून आडवी ओढून सूर चढवला) की बाकीच्या उतरतात.

आटे_मोजणारा:
तरंगत्या, म्हणजे मागून बॉडीला न टेकणाऱ्या, ब्रिजचा तो स्वभावच आहे, पूर्ण जाणार नाही. कमी करायचं असेल तर इथे चौथी स्प्रिंग कामाची. चौथी लावून क्लॉ तेवढा सैल करा: एकूण ताण तोच, पण चार स्प्रिंग मिळून तीनपेक्षा कडक, त्यामुळे बेंडने ब्रिज कमी हलतो. बदल्यात दांडा जड लागतो. हलका दांडा आवडत असेल तर तीनच ठेवा.

आता बाकीचं, याच क्रमाने. जाड तारांनी मानेचा बाक वाढला असेल: पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटचा फ्रेट दाबलेला, आठव्या फ्रेटजवळ तारेखाली सुमारे ०.२५ मिमी फट. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेतली बाक सांभाळणारी सळई) पाव आटा आवळून पुन्हा मोजा. मग सॅडल: सतराव्या फ्रेटवर तारेची उंची सुमारे १.६ मिमी. शेवटी इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं: बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तारेला नुसतं बोट टेकवून छेडलेला सूर) चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. सरकवण्याआधी ती तार सैल करा, नाहीतर स्क्रूचे आटे झिजतात. दर बदलानंतर सूर लावून मागची ३ मिमी फट तपासा. ती बदलली असेल तर आधी क्लॉ.