प्रार्थना समजायला हिब्रू शिकायलाच हवी का?

वसईवाला: वर्षभर रोज पहाटे अर्धा तास बायबलची हिब्रू शिकतोय. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात हन्ना म्हणते, मी आपलं 'नेफेश' परमेश्वरापुढे ओतलं. भाषांतरांत या शब्दाचं कुठे जीव होतं, कुठे मन, कुठे आत्मा. पण नेफेश म्हणजे गळासुद्धा! स्तोत्र ६९ च्या सुरुवातीला पाणी चढतं ते नेफेशपर्यंतच. आणि प्रार्थना करताना हन्नाचे नुसते ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. हे जुळलं, त्या दिवशी पुढे वाचवलं नाही. भाषांतरावर शास्त्राभ्यास म्हणजे दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणं.

मुक्तछंद: 'जीव कंठाशी आला' आपण रोज म्हणतो. तुम्ही वर्षभर खपून जिथे पोचलात, तिथे माझी आजी आधीच बसलेली होती. शिवाय शब्दांची मुळं उकरणं धोक्याचं. प्रार्थनेला हिब्रू शब्द 'तेफिल्ला', त्याच्या धातूचा अर्थ न्याय करणे, म्हणून प्रार्थना म्हणजे स्वतःचाच न्याय, हे उपदेशांत दहादा ऐकलंय. असं असेल तर आपली 'प्रार्थना'ही नुसती मागणी ठरते. संस्कृत 'अर्थ्' म्हणजे मागणे. मग उपकारस्तुती कुठे ठेवायची?

रेवदंड्याची: आमचं बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं घर, तिथे उलटाच प्रकार. आजोबा शेमा, म्हणजे 'हे इस्राएला, ऐक' हा ज्यूंचा रोजचा श्रद्धापाठ, हिब्रूतच म्हणायचे. अर्थ विचारला की "आधी पाठ कर". कोकणात आमचे पूर्वज बाकी बरंच विसरले, शेमा तेवढा तोंडात राहिला. १८३२ मध्ये मिशनरी जॉन विल्सन यांनी हिब्रूचं व्याकरण मराठीतून काढलं, तेही आमच्याच लोकांसाठी. (पाद्रीबुवांचा हेतू वेगळा होता, ते असो.) गंमत म्हणजे मिश्ना या ज्यूंच्या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथात, सोटा भागात स्पष्ट आहे, शेमा आणि प्रार्थना कुठल्याही भाषेत चालतात. मी मराठीतून म्हणून पाहिला. कळलं सगळं, पण शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावताना तोंडात हिब्रूच आली.

वसईवाला: ताई, म्हणायचा प्रश्न नाही, माझा मुद्दा अभ्यासाचा आहे. पंडिता रमाबाई संस्कृतच्या एवढ्या जाणकार, इंग्रजीही येत होतं. तरी मराठी बायबलसाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्याच ना?

मुक्तछंद: शिकल्या, पण कशासाठी? साध्या बायकांना वाचता येईल अशी मराठी हवी होती म्हणून. त्या बायकांना कुणी हिब्रूच्या वर्गात बसवलं नाही.
बाकी तुम्ही कुठलं पुस्तक वापरता ते सांगून ठेवा. लिपी तेवढी बघीन म्हणतो.