प्रति: एका कॉलमवर किती भार धरायचा?

तळमजला अधिक एक मजल्याच्या घरासाठी दर मजल्याला 'कॉलमच्या वाट्याच्या स्लॅबचं क्षेत्रफळ (चौ.मी.) गुणिले १० किलोन्यूटन' (१ किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलो वजन) हा ठोकताळा वर सुचवलाय. विटांच्या भिंती असतील तर तो धोक्याचा आहे. करून बघा.

मधला कॉलम, वाट्याला ४ × ३.५ म्हणजे १४ चौ.मी. चौ.मी.ला किलोन्यूटनमध्ये: १२५ मिमी स्लॅबचे ३.१, फ्लोअरिंग-प्लास्टरचा १ आणि आयएस ८७५ (भारांचं भारतीय मानक) प्रमाणे राहत्या खोल्यांचा लाइव्ह लोड (माणसं, सामान यांचा भार) २. मिळून ६.१, गुणिले १४ म्हणजे साधारण ८६ किलोन्यूटन. आता भिंती. २३० मिमी वीटकाम, बीमखाली अडीच मीटर उंची, दोन्हीकडे प्लास्टर: मीटरला साडेतेरा किलोन्यूटन. कॉलमला मिळणाऱ्या चारही बीमवर भिंत असेल तर प्रत्येकाची अर्धी लांबी या कॉलमच्या वाट्याला, म्हणजे ४ + ३.५ = साडेसात मीटरचे झाले १००! म्हणजे भिंतीच स्लॅबपेक्षा जड. बीम-कॉलमचे वीसेक मिळवले की एका मजल्याचे दोनशेच्या वर, चौ.मी.ला जवळपास १५. एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे) वापरले तर भिंतींचा आकडा निम्म्याच्याही खाली येतो, म्हणून भिंत कशाची हे आधी ठरवून घ्या.

गच्चीवर भिंती नसतात, पण ब्रिकबॅट कोबा (वॉटरप्रूफिंगचा विटांच्या तुकड्यांचा थर) आणि पॅरापेट (गच्चीची कठडा-भिंत) धराच. टाकी ज्या कॉलमांवर येते तिथे हजार लिटरला १० किलोन्यूटन. प्लिंथ बीमवरच्या (जोत्याच्या पातळीच्या बीमवरच्या) तळमजल्याच्या भिंतीही फुटिंगवरच (कॉलमच्या पायावरच) येतात, त्या हमखास राहून जातात.

आणि फुटिंगचं क्षेत्रफळ काढताना सुरक्षिततेसाठी १.५ ने गुणलेला भार घेऊ नका. मातीची सेफ बेअरिंग कपॅसिटी (एसबीसी, म्हणजे चौ.मी.ला माती सुरक्षितपणे पेलेल तो भार) मुळातच सुरक्षितता धरून दिलेली असते. मूळ भार, अधिक फुटिंगच्या वजनासाठी दहा टक्के, भागिले एसबीसी. दीडपट भार फक्त फुटिंगची जाडी आणि सळया काढताना.